खांद्यावरच्या चुण्या

फोटोवाल्याने काचेची जुनी निगेटिव्ह खिडकीतल्या उजेडाला धरली, आणि टेलरबाईंनी भिंग लावून आधी खांदा शोधला.

"मावशी, चेहरे बघा की. खांद्यात काय ठेवलंय?"

"चेहरे पळून जात नाहीत. काच हलवू नका."

तीन वर्षं त्या आपल्या आईची नोंद शोधत होत्या. जन्माच्या रजिस्टरातलं नेमकं ते पान वाळवीने खाल्लेलं. शाळेतला दाखला कोणीतरी कधीच नेलेला. आई जन्मली त्या घराच्या जागी आता गाड्या धुतात. मामेभाऊ घराण्याची वंशावळ छापायला देणार होता, आणि तिच्यात आईचे चार भाऊ तेवढे होते. "कागद आण आक्का, मग लिहितो," तो दर वेळी म्हणे. पलंगावर पडलेले मामा त्याच्याही पुढचे. "कसला कागद? आमच्या घरात मुलगी झालीच नाही." आईने स्वतःच्या मनाने लग्न केलं, त्या दिवसापासून ती जन्मलीच नव्हती.

मागच्या आठवड्यात मामांच्या पलंगासमोरचा जुना फोटो बघता बघता बाईंचे डोळे अडकले. बसलेले आईबाप, मागे तीन मुलगे आणि कडेला आठ वर्षांचे मामा, नवा कोट घालून. मामांच्या मागे नुसता पडदा. चाळीस वर्षं कोट शिवलेलं माणूस फोटोतही आधी शिवण बघतं. मामांच्या खांद्यावर चार चुण्या होत्या. तिथे चुण्या पडत नाहीत, आणि पडल्याच तर काखेकडे उतरतात. या आडव्या होत्या. बाई स्टुलावर चढल्या, भिंग लावलं. चुणीला नख नसतं.

आई सांगायची, "धाकटा एका जागी उभाच राहीना. मी खांद्याला धरून ठेवला, तेव्हा कुठे फोटो निघाला."

फ्रेमच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता आणि नंबर. काच बदलून आणते म्हणून त्या फ्रेम काखोटीला मारून निघाल्या, त्या थेट इथे.

काचेवर सगळे चेहरे काळे आणि केस पांढरे दिसत होते. पण मामांच्या मागे पडदा नव्हता. बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी होती, वेणी पुढे घेतलेली, हात धाकट्याच्या खांद्यावर.

"आमच्या आजोबांचा नियम होता," फोटोवाला म्हणाला. "गिऱ्हाईक काहीही पुसायला सांगो, मूळ काच खरवडायची नाही. दुसरी बनवायची आणि तिच्यावर काम करायचं. बोटं मात्र त्यांना काढता आली नाहीत. कोटच फाटल्यासारखा दिसला असता. मग चुण्या केल्या."

"सांगितलं कोणी पुसायला?"

त्याने कामाची वही उघडून पुढे सरकवली. नंबर तोच. शेजारी लिहिलं होतं, 'थोरली बहीण काढून नवी प्रत देणे.' खाली मामांची सही, शेपूट लांब ओढलेली. ऐंशी वर्षं झाली फोटोला, साठेक वर्षं त्या सहीला. शाई ठणठणीत.

बाईंनी सहीवर बोट ठेवलं.

"थोरली बहीण," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने लिहून दिलंय मेल्याने."

फोटोवाल्याला वातावरण हलकं करावंसं वाटलं. "आता मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे, मावशी. बोला, कोणाला उडवू? या कोटवाल्याला?"

"नको. तो हवाच. याच मापाचा काढून द्या, याच फ्रेममध्ये बसला पाहिजे. आणि वहीच्या पानाचीही एक प्रत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पानाची प्रत मामेभावाच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली, बापाकडे पाहिलं आणि वंशावळीचे कागद आणायला आत गेला. बाईंनी फ्रेम जुन्याच खिळ्याला लावली, चार पावलं मागे जाऊन तिरकी नाही ना ते बघितलं.

"बसवली का काच?" मामांनी विचारलं. कमरेखाली त्यांचं अंग हलत नव्हतं, जीभ मात्र शाबूत होती. "काही दिसत नाही इथून."

"दिसेल की."

बाईंनी उशाचा चष्मा उचलला, स्वतःच्या रुमालाने दोन्ही काचा लख्ख पुसल्या आणि हलक्या हाताने मामांच्या नाकावर चढवला. एक काडी एका कानामागे, दुसरी दुसऱ्या.

मामा भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपोआप वर आला आणि स्वतःच्या खांद्यावर जाऊन थांबला.

"काढ तो," ते म्हणाले. "काढ म्हणतो ना!"

बाईंनी खुर्ची ओढली आणि पलंगाशेजारी ऐसपैस बसल्या.

मामांनी डोळे गच्च मिटले.

"मिटा की," बाई म्हणाल्या. "उघडाल तेव्हा ती तिथेच असेल."