बावीसची नळी

घटस्फोटात सगळ्याची वाटणी झाली, अडलं ते फक्त पिस्तुलापाशी. नळी बदलली की त्याच पिस्तुलातून कधी बत्तीस बोअरची गोळी सुटायची, कधी बावीसची. दोघंही नेमबाज; मुकुल बत्तीसवाला, गंधाली बावीसवाली. शेवटी पिस्तूल आणि बत्तीसची नळी त्याच्याकडे राहिली, बावीसची तिच्या पर्समध्ये आली.

तेव्हापासून दर रविवारी तिने बोरिवलीहून मुलुंडच्या शूटिंग रेंजवर यायचं. सराव उरकल्यासारखा तो आधीच बसलेला असायचा. पिस्तूल पुढे करायचा आणि तिचं होईपर्यंत बाकावर बसून राहायचा. ते बसणं बघून बघून गंधाली विटली. तिने स्वतःचं नवं पिस्तूल घेतलं, आणि या रविवारी त्याच्याही आधी येऊन जुनी नळी रेंज सांभाळणाऱ्या धोंडूकाकांच्या हातात ठेवली.

"मुकुलला द्या काका. म्हणावं, सुटलास बाबा. आता दोन्ही नळ्या तुझ्याच."

 

काका हातातल्या नळीकडे बघतच राहिले. "दोन्ही कुठल्या गं? मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हाच बत्तीसची देऊन टाकली त्याने. दोन वर्षं झाली, एक गोळी मारलेली नाय."