सुरी-काट्याचं जेवण

सुरी दुसऱ्यांदा घसरली. अख्तरुन्निसाने काकडी पुन्हा खिळ्यांवर दाबून बसवली आणि डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली.

हा खिळ्यांचा पाट तिने स्वतः करून घेतला होता. खालच्या मजल्यावर सुतारकाम चालू होतं. त्या सुताराकडून तिने जुन्या पोळपाटात स्टीलचे दोन खिळे ठोकून घेतले, टोकं वर. विळीला दोन हात लागतात. खिळ्यांवर भाजी रोवली की एक पुरतो. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिचा उजवा हात मांडीवरच असायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पकड परत येणार नाही.

तिने ते ऐकून घेतलं. तिच्या नवऱ्याने, अब्दुल्लाने, घेतलं नाही. इस्पितळातून आल्यावर दोन महिन्यांनी तिने कोळंबीचं कालवण केलं होतं. त्याने न खाताच वाटी परत सरकवली. आवाज चढवला नाही.

"डाव्या हाताचं माज्या तोंडात जानार नाय," तो म्हणाला. "उजवा बरा होऊ दे, मग कर."

तेव्हापासून बाहेरून डबा यायचा. आता उद्यापासून दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला बाई ठरली होती. ती येऊन ओटा बघून गेली. मसाल्याचे डबे खालच्या फळीवर घेऊ, तेल इकडे ठेवू, असं अब्दुल्लाला सांगत होती. अख्तरुन्निसा दारात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. रात्री अब्दुल्लाने तिची समजूत घातली, की टेन्शन घेऊ नको, पस्तीस वर्षं राबलीस, आता बसून खा. तो हे प्रेमानेच म्हणाला. तेच तिला जास्त लागलं.

मागच्या रविवारी तो आम्लेट खात होता. तीस वर्षं तो जहाजावर स्टुअर्ड होता. भात, मासे हाताने, पण आम्लेट मात्र अजून सुरी-काट्याने, मांडीवर रुमाल पसरून, ज्या साहेबांना वाढायचा त्यांच्यासारखं. अख्तरुन्निसा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने मुलीला, हादियाला, हाक मारली आणि यादी लिहून घ्यायला सांगितली.

टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, काळे ऑलिव्ह. फेटा चीज, पण चुरा नको, अख्खी वडी. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्याच होत्या. हादियाने विचारलं, एवढं काय करायचंय. अख्तरुन्निसा म्हणाली, तुझ्या अब्बांचं पिरेयसचं सॅलड.

ते सॅलड घरात सगळ्यांना पाठ होतं. जहाज ग्रीसच्या त्या बंदराला चार दिवस अडकलं होतं आणि अब्दुल्लाने चारही दिवस तेच खाल्लं होतं. बायकोची बारीक चिरलेली कोशिंबीर समोर आली की तो ती गोष्ट काढायचा. ही काय कोंबड्यांना घालायची? तिकडे तुकडे हे एवढे, वर चीजची वडी अख्खी, आणि कोणी कालवत नाही.

एवढे मोठे तुकडे आता तिला सोयीचे होते. तिने काकडीचं टोक कापलं आणि तिथेच गोल गोल घासून पांढरा फेस काढला, कडूपणा जावा म्हणून. काकडी खिळ्यांवर घट्ट होती, हलली नाही. कांदा डोळ्यांतून पाणी काढून गेला. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने पुसलं नाही. सगळं कापायला पन्नास मिनिटं लागली. मीठ शेवटी घातलं. आधी घातलं असतं तर भाज्यांना पाणी सुटलं असतं.

"टेबल जहाजावरचं मांड," तिने हादियाला सांगितलं.

हादियाला ते पाच वर्षांची असताना अब्बांनीच शिकवलं होतं. तिने बशी, सुरी, काटा, घडी घातलेला रुमाल मांडला. अब्दुल्ला येऊन बसला. त्याने वाडगा पाहिला. मग त्याने रुमाल मांडीवर पसरला, सुरी-काटा उचलला, वडीचा कोपरा कापला, काकडीबरोबर टोचला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

"असंच होतं," तो म्हणाला. "अगदी असंच. हादिया, तू केलंस?"

हादियाने आईकडे पाहिलं.

"मी केलं," अख्तरुन्निसा म्हणाली. "डाव्या हातानं."

दुसरा घास काट्यावर होता, तो तिथेच राहिला. अब्दुल्लाचा चेहरा बदलला. "तुला मी सांगितलं होतं, डाव्या हाताचं..."

"तोंडात जानार नाय. लक्षात हाय माज्या. काटा कुठल्या हातात हाय, ते बघा."

त्याने खाली पाहिलं. सुरी उजव्या हातात होती, काटा डाव्या.

"तीस वर्षं जहाजावर त्याच हातानं घास घेतलात," ती म्हणाली. "माजे तर आठच महिने झाले."

तिने त्याचा फोन टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "त्या बाईला सांगा, उद्या येऊ नको."

अब्दुल्लाने सुरी खाली ठेवली आणि उजव्या हाताने नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत होती, तेवढ्यात काट्यावरचा घास त्याने तोंडात घातला.