किती हललं की भोंगा वाजतो?

"गाडीत आत बसलेला माणूस किती हलला की भोंगा वाजतो गं?" आजोबांनी विचारलं, आणि ताईच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

इतका वेळ गप्पा कशा छान चालल्या होत्या! गाड्यांच्या वायरिंगचं ताईचं छोटंसं दुकान. आजोबा सकाळी चालतच आले आणि स्टुलावर बसले. गाडी आणली नव्हती, नुसती चौकशी. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा का लुकलुकतो, म्हणे.

ताईला हा विषय म्हणजे जीव की प्राण. "कुलूप लावलं की थोड्या वेळानं दिवा लुकलुकायला लागतो. म्हणजे पहारा सुरू! मग दार, बॉनेट, डिकी, काहीही उघडलं की भोंगा बोंबललाच."

"आणि कुणी काही उघडलंच नाही तर?"

"तरी आत सेन्सर असतो ना! काच फोडून कुणी हात घातला, तर ती हालचाल त्याला कळते."

त्यावर हा प्रश्न. ताईनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मागच्याच महिन्यात अशाच एका गोडबोल्याला तिनं हौसेनं सगळं सांगितलं, आणि आठवड्याच्या आत मागच्या गल्लीतली गाडी गायब! पोलिसांनी दुकानात दोन चकरा मारल्या. पुन्हा असं काही झालं तर जागा खाली करा, असं जागामालकानं तोंडावर सांगितलं होतं. दहा वर्षं राबून उभं केलेलं दुकान! आणि हा म्हातारा दिसतो कसा, अगदी गरीब गाय.

"तुम्हाला कशाला हवंय हे?"

"सहजच. नुसती मान वळवली तर चालतं का? हळूच पाय लांब केला तर?"

"सहज?" ताईचा पारा चढला. "मला काय दूधखुळी समजलात? गाडी कुणाची आहे?"

"मुलाची."

"मग द्या त्याचा नंबर. आत्ता विचारते. नाहीतर सरळ पोलिसांना बोलावते!"

आजोबा धडपडत उठले. त्यांनी चक्क हात जोडले. "त्याला फोन नको करूस, बाळ. तो आधीच चिडलाय माझ्यावर."

"का? काय केलंत?"

"मी फार हळू चालतो ना, म्हणून खरेदीला गेलं की तो आणि सूनबाई मला गाडीतच बसवून कुलूप लावून जातात. दोन-दोन तास मी अगदी गप्प बसतो गं. पण परवा उचकी लागली."