हाताएवढं वजन

अंगावर वजन असलं की स्वमग्न मुलांना शांत वाटतं, म्हणून मी मणी भरून जड पांघरुणं शिवते. माप मुलाच्या वजनावरून ठरतं, पण ताईने सरळ आपलाच हात मणी तोलायच्या काट्यावर ठेवला.

"काय गं, किलोने विकतेस की काय?"

"छातीवर हा हात असल्याशिवाय लेकाचा डोळा लागत नाही. मी दवाखान्यात गेले की कोण ठेवणार?"

मी बरोब्बर तेवढ्याच वजनाचं पांघरूण शिवून दिलं. तो पहिल्याच दिवशी गाढ झोपला.

ताई घरी परतली तेव्हा त्या हाताची पार काडी झाली होती. लेक आडवा झाल्यावर तिने हौसेने पांघरूण काढलं आणि हात ठेवला.


त्याने तो हलका हात बाजूला सारला आणि पांघरूण छातीवर ओढून घेतलं.