येतो, सर

२००९च्या मंदीत नोकरीवरून काढलेल्या वेदांगचं स्विस घड्याळ त्याच्याच बॉसनं, दत्तप्रसादनं, पडेल भावात घेतलं. निघताना वेदांग सवयीनं म्हणाला, "येतो, सर."

"येतो काय? जातो म्हण. खलास!" दत्तप्रसाद हसला.

त्याच संध्याकाळी वेदांगनं आखाती शहरातल्या अल मजाज वस्तीतल्या आपल्या बाल्कनीतून उडी घेतली.

घड्याळ ऑटोमॅटिक होतं. हाताच्या हालचालीवर चालायचं, काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद. दत्तप्रसादनं ते कपाटात कोंडलं. महिन्यानं उघडलं, तर ते चालू होतं आणि पट्टा घामानं ओला होता.

"कुणी घातलं होतं हे?"

"अहो, कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात असते," त्याची बायको मृणालिनी म्हणाली.

त्यानं चिडून ते मनगटावर चढवलं. ऑफिसला निघताना बायकोला रोजच्यासारखं "येतो" म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं:

"जातो, सर."