पूर्ण नाव सांग

"लायसन्स दाखव."

हवालदाराने काठी आडवी धरली, तशी निकेतने मोटरसायकल बाजूला घेतली. आचऱ्याच्या तिठ्यावर सकाळी नऊलाच नाकाबंदी लागली होती. इथून तोंडवली अजून काही किलोमीटर.

निकेतने लायसन्स कधी काढलंच नव्हतं. गाडी थोरल्या भावाची, प्रीतमची. चार दिवसांपूर्वी प्रीतमची होडी उलटली. सोबतचा खलाशी पोहत किनाऱ्याला आला, प्रीतम आला नाही. आज पहाटे तोंडवलीच्या वाळूत एक प्रेत लागलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. घरच्यांनी यावं, फोटो असलेलं ओळखपत्र आणावं, असा निरोप आला. आई शेजाऱ्यांच्या रिक्षातून पुढे गेली. निकेत कपाट उपसून प्रीतमचं लायसन्स शोधत मागे राहिला होता.

आता गाडी अडकवली तर आई तिथे एकटी पडेल. त्याने खिशातलं तेच लायसन्स पुढे केलं.

हवालदाराने आधी फोटो पाहिला, मग त्याचा चेहरा. दोघा भावांच्या नाकाडोळ्यांत फारसा फरक नव्हता.

"पूर्ण नाव सांग."

"प्रीतम लवू तारी."

चार दिवसांत घरात हे नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. ते तोंडून निघालं तेव्हा निकेतला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"नक्की तूच?"

"मीच."

"समुद्रावर शेवटचा कधी गेलास?"

"सोमवारी."

 हवालदार लायसन्स घेऊन जीपजवळ गेला आणि त्याने फोन लावला. बोलताना दोनदा वळून त्याने निकेतकडे पाहिलं.

निकेतने चावी चाचपली. सुटता आलं असतं. पण लायसन्स त्यांच्याकडे राहिलं असतं. आणि तिकडे वाळूत खरंच प्रीतम असेल, तर त्याच्या नावावर खोटं बोलून त्याच्यासमोर उभं कसं राहायचं?

तो गाडी तशीच सोडून जीपकडे चालत गेला.

"सायबानू, मी खोटा बोललंय. माझा नाव निकेत. प्रीतम माझो मोठो भाव. सोमवारी त्याची होडी उलटली. तोंडवलीक मढा लागलासा, ता ओळखूक जातंय. गाडी ठेवा हवी तर, पण माका सोडा. माझी आवस थंय एकटी आसा."

हवालदाराने फोन कानापासून दूर केला. निकेतला वाटलं, आता शिवी येणार. पण त्याने लायसन्स निकेतच्या हातात परत ठेवलं आणि त्याच्या खांद्याला धरलं. आतापर्यंतची त्याची पोलीस ठाण्यातली मराठी कुठल्या कुठे गेली.

"मगे तासाभराआधी कर्नाटकच्या ट्रॉलरवरून मालवण बंदरात उतरलेलो, 'माझ्या आवशीक कळवा' म्हणान आमच्या सायबांच्या मागे लागलेलो प्रीतम तारी, तो तुझोच भाव मा रे?"