डाळिंबाच्या सालीचं बिस्कीट

पहिल्या परीक्षकाने बिस्कीट चावलं, मधेच थांबला आणि पाण्याचा ग्लास मागितला. दुसरीने रुमाल तोंडाला लावला. तिसऱ्याने तर सभ्यता खुंटीला टांगली आणि सरळ बेसिन गाठलं.

संशोधक बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. बिस्किटात डाळिंबाच्या सालीचा अर्क होता. त्यात अँटिऑक्सिडंट भरपूर, पण चव अशी की खाणारा करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. म्हणून तर बाईंनी वर्षभर खपून अर्काच्या कणाकणावर स्टार्चचं आवरण चढवलं होतं. जिभेला पत्ता लागू द्यायचा नाही, पोटात गेल्यावरच फुटायचं, असा बेत होता. तो साधलाय, याची त्यांना पक्की खात्री होती.

"घरी कुणाला देऊन पाहिलं होतं?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं.

"नवऱ्याला. रोज सकाळी, आत काय आहे ते न सांगता."

"काय म्हणाले?"

"छान."

साहेबांच्याही लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, नवऱ्याला कुणी परीक्षक नेमतं का? आणखी एक संधी देतो. पुन्हा असंच झालं, तर या कामाचा गाशा गुंडाळायचा."

बाई तणतणत घरी आल्या. त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ चहा नवरा करायचा आणि बशीत बिस्किटं त्या ठेवायच्या. तो बिस्किटाला छान म्हणायचा, त्या चहाला. संसार सुरळीत चालला होता.

नवरा आत्ताही चहाचं आधण ठेवत होता.

"बिस्कीट कडू लागायचं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"आत काय घातलंयस, ते तू बोललीस?"

बाईंना राग आला होता, त्याहून जास्त लाज वाटली. हा माणूस इतके महिने मुकाट्याने कडू गिळत राहिला होता.

"आता खरं सांग," त्या खुर्ची ओढून बसल्या. "नेमकं कुठे कडू लागायचं?"

"कडेला. जास्त भाजलेलं असायचं तिथे. मधे फारसं नाही."

बाई ताडकन उठल्या. म्हणजे आवरणात खोट नव्हती, भट्टीच्या आचेने ते तडकत होतं. मग अर्क पिठात घालायचाच कशाला? बिस्किटं भाजून गार झाली की दोहोंच्या मधे क्रीम भरून त्यात घालता येईल. वर्षभराची मेहनत नवऱ्याच्या एका खऱ्या वाक्याने वाचणार होती.

"यापुढे या घरात चवीबद्दल खोटं बोलायचं नाही," त्यांनी बजावलं.

"कबूल," नवरा म्हणाला आणि त्याने कप पुढे ठेवला.

चहा नेहमीसारखाच उकळून उकळून काढा झाला होता. बाईंनी मोठा घोट घेतला.

"कसा झालाय?"

"छान," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांचं आवरण लग्नानंतरच्या पहिल्या सकाळपासून कुठल्याच आचेने तडकलं नव्हतं.